बाळंतिणीच्या खोलीतली खिडकी

कोडोलीत कुणाची चूल धूर मागं मारायला लागली की बायका पदरानं डोळे पुसत दारात यायच्या आणि गल्लीच्या टोकाकडं तोंड करून हाळी द्यायच्या, "झुंबरबाई, ओ झुंबरबाई! या की जरा!"

आणि झुंबरबाई यायची. गपगुमान येईल ती झुंबरबाई कसली? चार घरं आधीपासून तिची बडबड ऐकू यायची. आली की चुलीपुढं फतकल मारायची, आत हात घालून चाचपायची आणि डॉक्टरनं सांगावं तसं सांगून मोकळी व्हायची. "जळण वलं हाय." नाहीतर, "राख किती साठलीय बघ की! जाळाला श्वास घ्यायला जागा ठेवलीस का न्हाय?" मग लाल माती, शेण आणि भाताचा तूस एकत्र मळून तडे भरायची, वैलाचं, म्हणजे बाजूच्या जोडचुलीचं, भोक मोकळं करायची, वरून पोतेरं फिरवायची आणि जाताना बजावायची, "दर सोमवारी राख उपसायची. न्हाय उपसलीस तर मला हाक मारायची न्हाय." पुढच्या महिन्यात परत हाक यायची, परत ती जायची.

बासष्ट वर्षांची बाई. नवरा जाऊन अठरा वर्षं झालेली, लेक पुण्याला नोकरीला. लेकानं गॅस आणून दिलाय, तो चहापुरता. भाकरी चुलीवरचीच. पण चुली लिंपणं हे तिचं वरवरचं काम. तिची खरी ओळख बाळंतिणीच्या खोलीत. पाटावर बसून पाय लांब करायची, पायावर तान्हं पालथं घालायची आणि असं काही न्हाऊ घालायची की रडून रडून दमलेलं पोर तीन-तीन तास झोपायचं. सासूनं शिकवलेली विद्या. "निम्मी गल्ली माझ्या पायावर न्हालीया," असं ती म्हणायची आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. लग्नाच्या मांडवात नवरदेव सगळ्यांच्या आधी तिच्या पाया पडायचे, मग ती लाजून पदर तोंडाला लावायची. मनातून मात्र फुगायची. बाईमाणसाला असा मान कुठं मिळतो हो? तिला मिळाला होता, आणि तो तिनं चाळीस वर्षं जपला होता.

बाळंतिणीला नुसतं न्हाऊ घालून भागत नाही. नंतर शेक द्यायचा. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, निखाऱ्यावर चिमूटभर ओवा आणि बाळंतशोपा टाकायच्या, बाळंतिणीला आणि तान्ह्याला वाकळीत गुंडाळून वर निजवायचं, दारंखिडक्या लावायच्या. का? तर वारं लागू नये म्हणून. झुंबरबाईची शेगडी म्हणजे लोखंडी घमेलं, त्याला आतून बोटभर मातीचा लेप. तडा दिसला की त्याच दिवशी लिंपायची. आणि ती वापरायची शिस्त काय सांगावी! कोळसा बाभळीचा, वाळलेला. रॉकेलचा थेंब नाही. शेगडी पेटवायची ती परड्यात, उघड्यावर. काळा कोळसा सगळा लाल होऊन त्यावर पांढरी राख धरेपर्यंत ती आत न्यायची नाही. आत नेली की विटांवर ठेवायची, वाकळीची टोकं वर खोचायची, शेजारी पाण्याची कळशी. चाळीस वर्षांत तिच्या हातून कुणाच्या लुगड्याला ठिणगी लागली नाही. "धूर हाय तंवर भ्या हाय," ती म्हणायची. "धूर गेला, भ्या गेलं."

आता हे सगळं तिला चुकीचं कोण सांगणार? सांगितलं. आशाताई संयोगितानं सांगितलं. पंचविशीतली पोरगी, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, त्यात वजनकाटा. "मावशी, कोळशाची शेगडी खोलीत नको. आणि ऐकणारच नसाल तर खिडकी टीचभर तरी उघडी पायजे. निखाऱ्यातनं वायू येतो."

"आगं जा गं वायूवाली!" झुंबरबाईनं तिला चार बायकांत उडवलं. "तू झालीस तवा तुझ्या आईच्या बाजंखाली हीच शेगडी हुती. मेलीस का तू? फारमं भरत गावभर हिंडतीयास की!"

बायका खो खो हसल्या. संयोगिताही हसली बिचारी. दुसरं काय करणार? पण जाताना बाळंतिणीला हळूच सांगून गेली, "वैनी, तुम्ही तरी ध्यानात ठेवा."

ती बाळंतीण म्हणजे प्रियदर्शनी, धोंडुबाईची सून. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पोरीची आई दोन वर्षांमागं वारलेली, माहेरी नुसती पुरुषमाणसं. म्हणून सासरीच सगळं झालं. मुलगी झाली, गोरीपान, केसाळ. दवाखान्यातनं घरी आली त्या दिवशी प्रिया बाजेवर बसून उगीचच रडायला लागली. आई आठवली असणार. झुंबरबाईनं तिचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाली, "आई न्हाय म्हणून रडतीस व्हय खुळे? मी हाय की." पोरगीही तशी लाघवी. त्या दिवसापासून "मावशी, मावशी" करत तिच्या हाताखाली लोण्यासारखी मऊ पडून राहायची.

धोंडुबाईचं घर नवं. आधी कौलाचं होतं, ते पाडून तीन वर्षांमागं स्लॅबचं बांधलं. खोल्या ऐसपैस, फरशी चकचकीत, खिडक्यांना सरकत्या काचा. काच लावली की रस्त्यावरनं जाणारा उसाचा ट्रॅक्टर आणि त्याच्यावरचा तो मेला कर्णा, दोन्ही गप्प. मुंगी आत यायला फट नाही.

चौदावा दिवस. पौषातली थंडी, सकाळचे साडेनऊ झाले असतील. प्रियाचा नवरा ऋतुराज कागलच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेला. धोंडुबाई मागं गोठ्यात. झुंबरबाईनं मायलेकींचं न्हाणं उरकलं, पेटलेली शेगडी आणून बाजेखाली सरकवली आणि खिडकीची काच लावायला हात घातला, तशी प्रिया म्हणाली, "मावशी, जरा उघडी असू दे की. संयोगिताताई म्हणाल्यात."

"वारं लागंल गं."

"टीचभरच."

"बरं बाई, असू दे," झुंबरबाई म्हणाली आणि तिनं काच टीचभर सरकवून ठेवली.

मग ओव्याचा वास सुटला, ऊब आली आणि दहा मिनिटांत पोरीचा डोळा लागला. लेकरू कुशीत. झुंबरबाई दारातनं वळून बघत होती. खिडकीतनं थंडगार झुळूक आली आणि तान्हं शिंकलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. झुंबरबाई तरातरा आत गेली, काच सरकवली आणि खिटी दाबून घट्ट लावली. लेकराच्या काळजीनं लावली हे खरंच. पण नुसत्या काळजीनं नव्हे. कालची पोरगी मला शिकवणार आणि आजची पोरगी तिचं ऐकून मला सांगणार, हेही त्या हातात होतं. तिनं दार ओढून घेतलं आणि घरी भाकरी थापायला निघून गेली.

धुणीभांडी उरकून, चूल पेटवून तासाभरानं दुसरी भाकरी तव्यावर टाकली आणि बोंब ऐकू आली.

धावत आली तेव्हा हाताला पीठ तसंच. अंगणात संयोगिता गुडघ्यावर बसलेली, चौदाव्या दिवसाच्या वजनाला म्हणून आलेली. तिच्या हातात लेकरू होतं आणि लेकराची मान लुळी पडलेली. प्रियाला दोन शेजारणींनी काखेत धरून ओढत बाहेर आणलं होतं, तिचे डोळे अर्धवट उघडे, ओठावर ओकारी. "गाडी काढा कुणीतरी!" संयोगिता ओरडत होती. "खिडकी बंद! किती सांगितलं होतं वैनींना, किती सांगितलं होतं!" आणि तिनं लेकराच्या तळपायावर टिचक्या मारायला सुरुवात केली. एक, दोन, चार. मग ते लेकरू चिरक्या आवाजात रडलं. झुंबरबाई अंगणातच खाली बसली.

शेजारच्यांच्या गाडीतनं सगळे कोल्हापूरला दवाखान्यात गेले. मायलेकींना नाकाला नळ्या लागल्या. दोन तासांनी डॉक्टर बाहेर आला, भला माणूस, ओरडला नाही. "दोघी वाचल्या," म्हणाला. "अजून पंधरा-वीस मिनिटं गेली असती तर मला असं सांगता आलं नसतं. कोळशातनं विषारी वायू निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि धूर नसला तरी तो असतोच. पूर्वी कौलाच्या फटीतनं निघून जायचा. तुमच्या नव्या घरात त्याला जायला वाटच नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. ती झोप नसते."

डोकं दुखतं, मळमळतं. झुंबरबाई व्हरांड्यातल्या बाकावर ऐकत होती. चाळीस वर्षांत किती जणी म्हणाल्या असतील, "झुंबरबाई, डोकं जड झालंय वो, पोटात ढवळतंय." आणि ती काय म्हणायची? "बाळंतवारं लागलं. दार लाव गं, नीट लाव." तिला एकेकीचं तोंड आठवायला लागलं. आठवू नये म्हणून ती फरशीकडं बघत बसली.

"पण खिडकी लावली कुणी?" डॉक्टरनं विचारलं.

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. साहजिकच होतं, शेगडी तिचीच. धोंडुबाई, कारखान्यातनं तसाच आलेला ऋतुराज, संयोगिता, शेजारणी. तोंडातनं कसं निघालं ते झुंबरबाईला पुढं कधीही सांगता आलं नाही. पण निघालं ते असं, "मी निघालो तवा उघडी हुती की. प्रियानंच सांगितलं, म्हणून टीचभर ठेवून गेलो."

अर्धं खरं होतं. म्हणून तर ते इतकं सहज निघालं.

"मग हिनंच लावली," धोंडुबाई कपाळाला हात लावून म्हणाली. "काल म्हणत हुती, ट्रॅक्टरच्या कर्ण्यानं पोर दचकतीया म्हणून. उठून लावली आसंल. काय म्हणावं हो ह्या पोरींना!"

झुंबरबाईनं तोंड उघडलं. खोटं कशाला सांगू, तिला त्याच क्षणी बोलायचं होतं. पण समोर संयोगिता उभी होती, जिला चार बायकांत तिनं वायूवाली म्हटलं होतं. तोंड पुन्हा मिटलं.

दुसऱ्या दिवशी प्रिया शुद्धीवर नीट आली तर ऋतुराजनं तिला विचारलं. रागानं नाही, रडवेला होऊन. "एवढं सांगितलेलं असताना तू खिडकी लावलीस कशी गं?"

"मी?" प्रिया म्हणाली. "मला आठवत न्हाय. लावली आसंन."

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मीच लावली." आणि घरी आल्यावर, भेटायला येईल त्या प्रत्येक बाईला न विचारताच सांगायला लागली, "माझ्याच हातनं झालं. ट्रॅक्टरचा आवाज येत हुता ना, म्हणून म्या उठून लावली." काच कशी सरकवली, खिटी कशी दाबली, तेसुद्धा सांगायची. न झालेली गोष्ट त्या पोरीला दिसायला लागली होती. आणि खरं काय झालं ते जिच्या डोळ्यांपुढं होतं, ती झुंबरबाई कोपऱ्यात बसून वाटीतलं तेल कोमट करत होती.

होय, झुंबरबाई रोज जात होती. शेगडी बंद झाली, पण न्हाणं चालूच होतं. न जावं तर लोक विचारतील, का गेली नाहीस. जावं तर ते घर सोसवत नव्हतं. प्रिया लेकराला घ्यायची ती पाजण्यापुरती, आणि समोर कुणीतरी बसलं असेल तरच. पाजून झालं की लगेच दोन्ही हात पुढं करायची. "धरा मावशी. माझा काय भरवसा न्हाय."

झुंबरबाई धरायची. काय करणार? तिच्या डोक्यावरनं हात फिरवायची, म्हणायची, "आसं म्हणू ने गं." आणि मग स्वतःच्याच हाताची तिला किळस यायची. घरी येऊन ती हात राखेनं घासायची.

हळूहळू प्रियाचं दूध आटायला लागलं. लेकरू रडायचं, तशी ती भिंतीकडं तोंड करून कानावर उशी दाबायची. रात्री लेकरू धोंडुबाईजवळ.

त्यात संयोगितानं झुंबरबाईला धरलं. "मावशी, माझं कोण ऐकत न्हाय. तुमचं ऐकतात. चला माझ्यासंगं घरोघरी." नाही कसं म्हणायचं? गेली. दहा-बारा घरं फिरल्या. संयोगिता सांगायची, कोळशाची शेगडी आत नको, पाणी तापवायचा बंबसुद्धा न्हाणीत दार लावून पेटवू नका, उघड्यावर पेटवा. आणि मग दाखला द्यायची, "बघा, प्रियावैनींनी खिडकी लावली आणि काय झालं." बायका चुकचुकायच्या. "आजकालच्या पोरी! अक्कल म्हणून न्हाय." एकजण तर म्हणाली, "आई आसून लेकराचा जीव घेत हुती की!" आणि झुंबरबाईकडं वळून, "व्हय की न्हाय वो?"

झुंबरबाईनं मान हलवली. हो, हलवली. त्या घरातनं बाहेर पडल्यावर तिला चप्पल पायात घालता येईना, अंगठा कुठं अडकवायचा तेच कळेना.

"काय झालं मावशी?"

"चक्कर आली जरा," ती म्हणाली. हेही खोटंच.

बारशाच्या चार दिवस आधी धोंडुबाईनं तिला बाजूला घेतलं. बारसं लांबून सव्वा महिन्यावर गेलेलं. "लेकराला मोनाकडं धाडतोय," ती म्हणाली. मोना म्हणजे तिची लेक, हुपरीला दिलेली, तिचं स्वतःचं सात महिन्यांचं बाळ. "तिच्या अंगावर दूध हाय. दोन-तीन महिनं राहू दे तिकडंच. हिचा काय नेम? परत कवा काय करंल. ऋतुराज पण हो म्हणालाय. बारसं झालं की त्याच दिवशी मोना घेऊन जाईल."

"प्रिया काय म्हणती?"

"ती काय म्हणणार? म्हणाली, न्या. माझ्याजवळ नगंच."

आता बोललंच पाहिजे. ती बोलणार, एवढ्यात धोंडुबाईनं तिच्या हातात चहाचा कप दिला आणि वर म्हणाली, "तुम्ही हुता म्हणून आमचं निभावलं वो. आईच्या मायेनं केलंसा पोरीचं." झालं. चहा गिळला आणि बोलायचं होतं तेही गिळलं. परतताना गल्लीत तिनं स्वतःला अशा शिव्या घातल्या की दुसऱ्या कुणाला घातल्या असत्या तर भांडण झालं असतं. अगं भवाने, पोरीचं लेकरू चाललं, आणि तू कशाला भितीस? गाव काय म्हणेल म्हणून? म्हणू दे की! पण दुसऱ्या दिवशी गेली, तेल चोळलं, परत आली. तिसऱ्या दिवशीही तेच.

बारशाला पन्नासेक बायका जमल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांची परात, सोप्यात सतरंज्या. मोनानं आत्याच्या मानानं लेकराच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, यशोधरा, आणि बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घातले. हसणं-खिदळणं चाललेलं. प्रिया भिंतीला टेकून बसली होती, अंगावर नवी साडी, हात मोकळे. लेकरू मोनाच्या मांडीवर. आणि दाराशी एक कापडी पिशवी भरून ठेवलेली, दुपट्याचं टोक बाहेर आलेलं. प्रियाची नजर दर थोड्या वेळानं तिकडं जायची आणि परत यायची.

"झुंबरबाई, या की पुढं," धोंडुबाई म्हणाली. तिच्या हातात ताट होतं, त्यात हिरवं लुगडं, खण, नारळ. न्हाऊ घालणाऱ्या बाईचा मान. "बायांनो, हिच्यामुळं आज हा दिवस दिसला बघा. ये गं प्रिया, ओटी भर मावशीची. पाया पड."

प्रिया उठली. तिनं ओंजळीत तांदूळ घेतले आणि पुढं येऊन झुंबरबाईच्या पायाशी वाकली.

"नगं," झुंबरबाई म्हणाली. पाय मागं घेतले. "नगं पडू. धोंडुबाई, लुगडं ठेव ते. खिडकी म्या लावलती."

कुणाला काही कळलं नाही. एक-दोघी हसल्या देखील.

"कसली खिडकी?" धोंडुबाई म्हणाली.

"त्या दिवशीची. हिनं न्हाय लावली. हिचा डोळा लागला हुता, ही उठलीच न्हाय. लेकरू शिंकलं म्हणून म्या लावली. खिटी दाबून लावली. उघडी ठेव म्हणून हिनं सांगितल्यावर लावली." ती थांबली नाही. थांबली असती तर परत सुरू झाली नसती. "दवाखान्यात खोटं बोललो. घरोघरी जाऊन हिच्यावर ढकललं तवा बी गप बसलो. माझी लाज राखायला हिला खाली घातलं."

संयोगिता पाळण्यापाशी उभी होती, तिनं तोंडावर हात घेतला. धोंडुबाई ताट धरूनच राहिली आणि मग सणसमारंभ सांभाळायची सवय असलेल्या बाईसारखं म्हणाली, "आगं, जाऊ दे आता. आज कशाला ते. झालं गेलं..."

"आत्ती, थांबा," प्रिया सासूला म्हणाली. ती अजून खालीच होती, ओंजळ तशीच. "मावशी, तुम्ही लावली?"

"व्हय."

"मी उठलो न्हवतो?"

"न्हाय गं. गाढ झोपल्तीस."

"पण मला आठवतंय की," प्रिया म्हणाली. "माझ्या हाताला काच गार लागली ते आठवतंय."

"तसं काय झालं न्हाय, बाळा. तू काय केलं न्हाईस."

प्रियाच्या ओंजळीतले तांदूळ सांडले. ती उठली आणि मोनाकडं गेली. दोन्ही हात पुढं केले. मोनानं आईकडं पाहिलं. धोंडुबाईनं मान खाली घातली. मग मोनानं लेकरू दिलं, आणि पन्नास बायकांच्या देखत प्रिया तिथंच खाली बसली, पदर ओढून लेकराला छातीशी लावलं. समोर कुणी बसलंय की नाही, ते तिनं बघितलंही नाही. दूध यायला वेळ लागला. लेकरू कुरकुरलं, तोंड फिरवलं, परत लावलं. मग ओढू लागलं. प्रिया हुंदके देत रडत होती आणि एका हातानं लेकराचं डोकं सारखं कुरवाळत होती.

"मोना, पिशवी सोड ती," धोंडुबाई हळू आवाजात म्हणाली. मोना दाराशी जाऊन दुपटी बाहेर काढायला लागली.

झुंबरबाईला कुणी जा म्हटलं नाही, कुणी बस म्हटलं नाही. तिची मान वर होईना. ती पायरीकडं वळली. आपण बोललो, पोरगी सुटली, लेकरू राहिलं, एवढं तरी झालं, असं काहीतरी तिच्या मनात यायला लागलं होतं.

"मावशी," प्रियानं मागनं हाक मारली.

ती थांबली. प्रिया तिच्याकडंच बघत होती, डोळे सुजलेले. रागानं ओरडेल तर बरं, असं झुंबरबाईला वाटलं. पण ती ओरडली नाही. कोडं पडल्यासारखा चेहरा करून म्हणाली, "तुम्ही रोज येत हुता की वो."

"व्हय," झुंबरबाई म्हणाली.

"रोज माझ्या डोक्यावरनं हात फिरवत हुता."

"व्हय," झुंबरबाई परत म्हणाली, आणि तो हात तिनं पदराखाली घेतला.